यंत्राचा वाकनीस

शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांची नावे आपण सगळ्यांनीच शाळेत असताना पाठ केलेली असतात. पेशवा, अमात्य, सचिव, सेनापती ही पदे नावावरूनच थोडीफार उमगतात. पण त्या आठांत 'मंत्री' म्हणून जो एक आहे, त्याचे काम काय, असे विचारले तर पुष्कळांना अडखळायला होते. ह्या पदाचे जुने नाव वाकनीस. १६७४ साली राज्याभिषेक झाला तेव्हा दत्ताजी त्रिंबक ह्या पदावर होते. 'वाकिआ' म्हणजे घडलेली गोष्ट आणि 'नवीस' म्हणजे लिहिणारा. फारसीतून आलेला हा जोडशब्द मराठी माणसाच्या तोंडी झिजत झिजत वाकनीस झाला. महाराजांच्या नित्याच्या कारभारात काय घडले, कोण आले, कोण गेले ह्याची टिपणे ठेवणे हे त्याचे काम. हाती खजिना नाही. तरी त्याला पेशव्याच्या आणि सेनापतीच्या पंक्तीला बसवले होते. जे घडले ते घडले त्याच दिवशी लिहून ठेवणे हा राज्याचा एक खांब आहे, ही समज त्या मांडणीत दिसते.

माझा व्यवसाय संगणकाचे प्रोग्रॅम लिहिण्याचा आणि छंद जुनी दप्तरे वाचण्याचा. ह्या दोहोंचा एकमेकांशी संबंध काय, असे घरची मंडळी अधूनमधून विचारतात. त्याचे उत्तर ह्या लेखात द्यावे असा विचार आहे. एका सार्वजनिक वाचनालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोग्रॅम लिहीत असताना त्याच्या पोटात मला एक छोटा वाकनीस बसवावा लागला. पुस्तक कधी बाहेर गेले, कधी परत आले, कोणत्या घटकेला यंत्र अडले, कशामुळे अडले, हे सारे तो मुकाट्याने टिपत असतो. इंग्रजीत त्याला 'लॉगर' म्हणतात आणि तो जे लिहितो त्याला 'लॉग'. हा वाकनीस घडवताना ज्या ज्या अडचणी पुढे आल्या, त्यांतली प्रत्येक अडचण कोणा ना कोणा जुन्या लेखनिकाला आधीच भेटून गेली होती. म्हणून ही हकीकत यंत्राची असली तरी ती इतिहासाच्या अंगाने सांगतो.

प्रथम त्या 'लॉग' शब्दाविषयी. लॉग म्हणजे ओंडका. लाकडाच्या ओंडक्याचा आणि रोजनिशीचा संबंध समुद्रावर जुळला. शिडाच्या जहाजाचा वेग मोजण्यासाठी खलाशी एक लाकडी फळी दोरीला बांधून पाण्यात सोडीत. फळी पाण्यात जागच्या जागी राही, जहाज पुढे जाई आणि दोरी सुटत जाई. दोरीला ठरावीक अंतरावर गाठी मारलेल्या असत. अठ्ठावीस सेकंदांचे वाळूचे घड्याळ उलटे करावयाचे आणि ते रिकामे होईपर्यंत हातातून किती गाठी गेल्या ते मोजावयाचे. दोन गाठींत सत्तेचाळीस फूट तीन इंचांचे अंतर ठेवले, की जितक्या गाठी तितके सागरी मैल ताशी, असा हिशेब बसे. जहाजाचा वेग आजही 'नॉट' म्हणजे गाठींत सांगतात तो ह्यामुळेच. ह्या युक्तीचे वर्णन विल्यम बोर्न ह्या इंग्रजाने १५७४ साली छापलेल्या पुस्तकात आहे. मोजलेला वेग आधी पाटीवर लिहीत आणि मग तो वहीत उतरून घेत. ती ओंडक्याची वही म्हणजे 'लॉगबुक'. पुढे ओंडका गेला, गाठी गेल्या. वहीचे नाव मात्र तेच राहिले.

ह्या वह्या कप्तान आपापल्या मर्जीने लिहीत. एकाच्या वहीत वाऱ्याचे वर्णन अर्धे पान भरून, तर दुसऱ्याच्या वहीत 'वारा बरा होता' एवढेच. सफर संपली की वही अडगळीत पडे. अमेरिकी आरमारातील मॅथ्यू फाँटेन मॉरी ह्या अधिकाऱ्याचा पाय १८३९ साली घोड्यांच्या प्रवासी गाडीच्या अपघातात मोडला आणि समुद्रावरची नोकरी त्याला दुरावली. १८४२ साली वॉशिंग्टन येथे नकाशे व उपकरणे ठेवण्याच्या कोठाराचा कारभार त्याच्याकडे आला. तेथे जुन्या लॉगबुकांचे ढीग धूळ खात पडले होते. दुसऱ्या कोणी ते रद्दीत काढले असते. मॉरीने ते वाचावयास घेतले. कोणत्या महिन्यात, समुद्राच्या कोणत्या भागात, वारा कोणत्या दिशेचा आणि प्रवाह कसा, एवढेच तो प्रत्येक वहीतून वेचीत गेला. त्यातून १८४७ साली उत्तर अटलांटिकच्या वाऱ्यांचा आणि प्रवाहांचा त्याचा पहिला नकाशा निघाला. पण मॉरीचे खरे चातुर्य पुढेच आहे. त्याने कप्तानांसाठी रकान्यांचा एक तक्ता तयार केला. तारीख, अक्षांश, रेखांश, वारा, प्रवाह, तापमान, प्रत्येकाला वेगळा रकाना. हा तक्ता भरून पाठवील त्याला नकाशे फुकट! कप्तानांना नकाशे हवेच होते, त्यांनी तक्ते भरले. १८५३ साली ब्रुसेल्सला दहा राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले आणि समुद्रावरील नोंदींचा एकच नमुना असावा असे ठरले.

आज संगणकाच्या धंद्यात 'स्ट्रक्चर्ड लॉगिंग' म्हणून ज्याचा एवढा बोलबाला आहे, ते ह्याहून वेगळे नाही. जुन्या पद्धतीने प्रोग्रॅम लिहिणारा यंत्राकडून एक वाक्य लिहवून घेई : 'अमुक सभासदाने अमुक पुस्तक नेले.' वाचणाऱ्या माणसाला ते पुरे होते. पण उद्या कोणी विचारले, 'गेल्या सहा महिन्यांत सायंकाळी सातनंतर किती पुस्तके गेली?' तर ती हजारो वाक्ये एकेक करून वाचणे आले. म्हणून वाक्याऐवजी रकाने : वेळ एका रकान्यात, घटना दुसऱ्यात, पुस्तकाचा क्रमांक तिसऱ्यात. प्रत्येक रकान्याला नाव आणि प्रत्येक नावापुढे मूल्य. मग गाळणे, मोजणे, क्रम लावणे हे सारे यंत्रच करते.

आपल्याकडचे जुने कारकून हे जाणून होते. पेशव्यांच्या दप्तरात रोजच्या घडामोडी आणि जमाखर्च ज्या क्रमाने होत त्या क्रमाने रोजकीर्दीत उतरत. पण रोजकीर्दीवरून एखाद्या किल्ल्याचा वर्षाचा खर्च काढावयाचा तर तीनशे साठ दिवसांची पाने उलटावी लागणार. म्हणून रोजकीर्दीवरून खतावणी होई, म्हणजे खातेवार मांडणी. पुण्यास 'एकबेरीज दप्तर' म्हणून एक स्वतंत्र खातेच होते. ठिकठिकाणचे हिशेब तेथे येत आणि त्यांचे गोषवारे बांधले जात. आधी कालक्रम, मग वर्गवारी. पहिल्यात काही बदलावयाचे नाही, दुसरी हवी तितक्या प्रकारांनी करावी. हा नियम मी माझ्या वाकनीसाला जसाच्या तसा लावला आहे. तो फक्त शेवटी लिहितो. मागचे खोडीत नाही, मध्ये काही घुसडीत नाही. खतावणी करणारे प्रोग्रॅम वेगळे.

आता काळाकडे वळू, कारण नोंदीतला पहिला रकाना काळाचा.

संगणकाच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध नोंद एका पतंगाची आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाचे 'मार्क दोन' नावाचे अवाढव्य यंत्र होते. एके दिवशी दुपारी ते अडले. शोध घेता 'एफ' फलकावरील सत्तर क्रमांकाच्या रिलेत एक पतंग सापडला. तो काढून लॉगबुकाच्या पानावर चिकटपट्टीने चिकटवला आणि खाली, प्रत्यक्ष किडा सापडल्याचा हा पहिलाच प्रसंग, अशा अर्थाची टीप लिहिली. वेळ दिली तीन वाजून पंचेचाळीस मिनिटे. यंत्रातील दोषाला 'बग' म्हणजे किडा म्हणण्याची चाल एडिसनच्या काळापासूनची. त्या थट्टेला आयता किडाच भेटला! ग्रेस हॉपर ह्या विदुषी ही गोष्ट मोठ्या रंगतीने सांगत, म्हणून ती त्यांच्या नावावर जमा झाली. ती टीप मात्र त्यांच्या हातची नव्हे. ते पान आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, पतंगासकट. पण त्या पानावर तारीख आहे ती केवळ '९/९'. सालच नाही! पुष्कळ वर्षे ही घटना १९४५ ची म्हणून सांगितली गेली. पुढे लक्षात आले, की १९४५ साली ते यंत्र उभेच राहिले नव्हते. साल १९४७. लिहिणाऱ्याला साल लिहिण्याची गरज भासली नाही, कारण त्याच्या दृष्टीने ते उघड होते. नोंद लिहिणाऱ्याला जे उघड असते, ते वाचणाऱ्याला सर्वांत आधी अंधारात जाते.

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना हे नव्याने सांगावयास नको. राजवाडे, सरदेसाई प्रभृतींनी जी हजारो पत्रे उजेडात आणली, त्यांतील कितीतरी पत्रांवर केवळ 'छ' म्हणजे चंद्र आणि मुसलमानी महिना असतो, साल नसते. सरकारी कागदांवर बहुधा सुहूर सन असे आणि तोही अरबी अंकांच्या शब्दांत : 'इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, सुहूर ११७२, म्हणजे इसवी १७७१-७२. पण खाजगी पत्रात हा थाट कोण करणार? ज्याला पत्र लिहिले त्याला साल ठाऊकच आहे. दीडशे वर्षांनी संशोधक मात्र ते पत्र हातात घेऊन बसतो. पावसाचा उल्लेख आहे का, कोणाच्या लग्नाचा आहे का, कोणता सरदार कोठे आहे, ह्यावरून जंत्री समोर ठेवून साल ताडतो. चांद्रमहिने दर वर्षी सुमारे अकरा दिवसांनी मागे सरकतात, म्हणून तोच रबिलावल कधी पावसाळ्यात तर कधी थंडीत येतो. तेवढाच त्याला आधार. पत्र एका वर्षाने सरकले, तर कारण हे परिणाम होऊन बसते आणि निष्ठावंत माणूस फितूर ठरतो.

इतके जुने दुखणे यंत्रयुगात तरी बरे व्हावे! पण तसे झाले नाही. १९८० नंतरच्या त्या पहिल्या वर्षांत कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात एरिक ऑलमन ह्यांनी टपाल पोचवणारा 'सेंडमेल' नावाचा प्रोग्रॅम लिहिला. त्याच्या नोंदी ठेवण्यासाठी त्यांनी 'सिसलॉग' नावाचा एक सोबती तयार केला. तो इतका सोयीचा ठरला, की हळूहळू जगातील असंख्य यंत्रे आपल्या नोंदी त्याच्याच स्वाधीन करू लागली. त्याच्या नोंदीत महिना होता, दिवस होता, तास, मिनिट, सेकंद होते, साल नव्हते! कोणत्या देशाची वेळ, हेही नव्हते. २००१ साली ह्या चालत आलेल्या रिवाजाचे रीतसर वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हाही ते तसेच नोंदले गेले. २००९ साली नवा नमुना ठरला, त्यात साल आले, वेळेचा प्रदेश आला आणि नाव-मूल्य अशा रकान्यांची सोयही आली.

वेळेच्या प्रदेशाचे महत्त्व मुंबईकरांच्या जुन्या पिढ्यांना ठाऊक होते. १९०६ साली हिंदुस्थानची प्रमाणवेळ आली, तरी मुंबईची स्वतःची वेळ तिच्या एकोणचाळीस मिनिटे मागे राहून बरीच वर्षे नांदत होती. 'पाच वाजता भेटू' म्हटल्यावर 'कोणत्या पाचला?' असे विचारणे त्या शहरात मुळीच विनोदी नव्हते. माझा वाकनीस प्रत्येक नोंदीत पूर्ण साल लिहितो आणि वेळ ग्रिनिचच्या मानाने लिहितो. वाचनालयाच्या भिंतीवरचे घड्याळ तो जुमानीत नाही.

सिसलॉगने दुसरी एक गोष्ट मात्र फार मार्मिक केली. घटनांचे तिने आठ दर्जे पाडले. शून्य म्हणजे सर्वनाश ओढवला, सात म्हणजे यंत्र दुरुस्त करणाऱ्यापुरती किरकोळ टीप. सगळेच महत्त्वाचे म्हणून लिहिले, तर महत्त्वाचे असे काहीच उरत नाही. शांततेच्या काळात वरचे दर्जे पुरेत. गडबड सुरू झाली, की खालचे दर्जेही उघडावेत आणि बारीकसारीक टिपून घ्यावे.

ह्याचे सुंदर उदाहरण आपल्या मुंबईतच घडले आहे. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची. तेथे १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापे नियमाने होऊ लागली. कुलाब्याच्या टोकाला, समुद्राच्या आवाजात, माणसे ठरल्या वेळी उपकरणाला डोळा लावीत आणि आकडा वहीत लिहीत. त्यात नाट्य कसले? १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडात रिचर्ड कॅरिंग्टन ह्या ज्योतिर्विदाला सूर्यावर एकाएकी लखलखाट दिसला. सतरा-अठरा तासांनी पृथ्वीवर चुंबकीय वादळ आदळले. युरोप-अमेरिकेत तारायंत्रे बिघडली. कुलाब्याला त्या दिवशीही माणसे आपल्या जागी होती. सुया वेड्यावाकड्या हलू लागल्या, तशी त्यांनी वाचने अधिक जवळजवळ घ्यावयास सुरुवात केली. काय घडते आहे हे त्यांना कळण्याचा संभव नव्हता; पण काहीतरी घडते आहे एवढे कळले आणि तेवढ्यावर त्यांनी दर्जा खाली आणला, असे आजच्या भाषेत म्हणू. वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस ह्यांनी १८४६ ते १९०५ ह्या साठ वर्षांच्या चुंबकीय नोंदी संकलित करून १९१० साली दोन खंडांत छापल्या. विजेच्या ट्राम येणार, म्हणून उपकरणे बिथरतील, हे ओळखून १९०४ साली अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली आणि दोन वर्षे दोन्ही ठिकाणी समांतर मोजणी करून मगच जुनी बंद केली. त्यामुळे साखळी तुटली नाही. २००३ साली शास्त्रज्ञांनी १८५९ च्या वादळाचा जोर हिशेबाने काढला, तो कुलाब्याच्या आकड्यांवरून. सुमारे १६०० नॅनोटेस्लांची ती घसरण होती. एकशे चव्वेचाळीस वर्षे ते आकडे वाचकाची वाट पाहत होते. आज उपग्रहांना आणि विजेच्या जाळ्यांना सूर्यापासून केवढा धोका आहे, ह्याचा विचार करणारे लोक ह्याच नोंदीकडे बोट दाखवतात.

असो. आता वाकनीस घडवण्याच्या प्रत्यक्ष कारागिरीकडे येतो. थोडक्यातच, कारण दिवाळीत फराळ सोडून कोणी यंत्राची चाके मोजीत बसत नाही.

संगणकाच्या भाषा दोन तऱ्हांच्या. काही भाषांत लिहिलेला मजकूर यंत्र वाचता वाचता अंमलात आणते. दुभाष्याने वाक्यावाक्याला अर्थ सांगावा तसे. दुसऱ्या तऱ्हेत संबंध मजकुराचे आधीच यंत्रभाषेत रूपांतर होते आणि मग तो चालतो. ह्या रूपांतर करणाऱ्याला 'कंपायलर' म्हणतात. मी वापरली ती 'गो' नावाची भाषा दुसऱ्या तऱ्हेची. रॉबर्ट ग्रीसेमर, रॉब पाइक आणि केन टॉम्पसन ह्या तिघांनी २००७ साली तिची आखणी सुरू केली, २००९ साली ती जगापुढे आली. रकान्यांच्या नोंदींची सोय मात्र तिच्या मूळ संचात ऑगस्ट २०२३ मध्ये आली.

कंपायलर हा मोठा कडक फडणीस आहे. कागद पुढे जाण्याआधीच तो अडवतो. पुस्तकाचा क्रमांक हा आकडाच असला पाहिजे असे मी एकदा ठरवून दिले, की त्या रकान्यात कोणी अक्षरे भरू पाहील तर प्रोग्रॅम तयारच होत नाही. रकान्याचे नाव दिले आणि मूल्य विसरले, तर तेही चालत नाही. मॉरीचा तक्ता भरताना एखादा कप्तान तापमानाच्या जागी वाऱ्याची दिशा लिहू लागला आणि लेखणीनेच लिहिण्यास नकार दिला, तर जसे होईल तसे हे आहे.

दुसरी काळजी वेगाची. वाकनीसामुळे दरबार थांबता कामा नये. म्हणून तो प्रथम फक्त दर्जा पाहतो. नोंद करावयाचीच नसेल तर वाक्य जुळवण्याच्या, आकडे अक्षरांत मांडण्याच्या खटाटोपात पडतच नाही. तिसरी काळजी गर्दीची. एका वेळी चार खिडक्यांवर देवघेव चालते. चौघांच्या नोंदी एकमेकींत मिसळून एका ओळीत दोघांची अर्धी अर्धी वाक्ये पडली तर ती रद्दीच. म्हणून प्रत्येक नोंद आधी पूर्ण बांधून होते आणि मग एका दमात वहीत पडते. तोवर दुसऱ्याने दारात थांबावयाचे.

चौथी काळजी मर्यादेची, आणि तिची गोष्ट सांगण्याजोगी आहे. मराठेशाहीतील पत्राच्या शेवटी मोर्तब असे. शिवकालीन पत्रांवरील 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा अनेकांनी छायाचित्रांत पाहिली असेल. तिचा अर्थ सरळ आहे : मजकूर येथे संपला, ह्याच्या पुढे जे दिसेल ते आमचे नव्हे. यंत्राच्या नोंदीत ओळ संपली की नोंद संपते. समजा, एखाद्या लबाडाने सभासदाच्या नावाच्या जागी नाव, मग नव्या ओळीची खूण आणि तिच्यापुढे एक बनावट नोंद असे लिहून दिले, तर भोळा वाकनीस ते जसेच्या तसे उतरवील आणि वहीत एक खोटी ओळ खऱ्या ओळींच्या मांडीला मांडी लावून बसेल. म्हणून बाहेरून आलेल्या मजकुरातील अशी प्रत्येक खूण निरुपद्रवी करूनच लिहावी लागते. ते माझ्या वाकनीसाचे मोर्तब.

लेखनिकाने आणखी एक पथ्य पाळावयाचे असते. ज्या पत्राची नक्कल करावयाची, त्यातील हुकूम त्याने स्वतः पाळावयाचा नसतो. हे सांगण्याची तरी काय गरज, असे वाटेल. पण डिसेंबर २०२१ मध्ये सगळे जग ह्याच कारणाने हादरले. 'जावा' भाषेतील 'लॉग फोर जे' हा अत्यंत लोकप्रिय लॉगर नोंदीतल्या मजकुरात विशिष्ट खुणा दिसल्या की त्यांचा अर्थ लावीत बसे. अमुक पत्त्यावरून अमुक आण, असे मजकुरात असले तर तो खरोखरच जाऊन आणी आणि आणलेले चालवीही. एका खेळात तर गप्पांच्या चौकटीत एक ओळ लिहिली की दुसऱ्याचे यंत्र हाती येई. बँका, सरकारे, कारखाने ह्यांचे लोक कित्येक रात्री जागले. ही सोय त्यात घातली होती ती कोणाच्या तरी भल्यासाठीच. पण वाकनीसाला अक्कल फार झाली, की तो वाकनीस राहत नाही.

आणि शेवटचा रकाना, 'कोणी?' हा. ह्या रकान्याने माणसे तुरुंगात गेली आहेत. इंग्लंडात १९९९ पासून पोस्टाच्या शाखांत 'होरायझन' नावाची संगणकीय हिशेबपद्धती आली. तिच्यात दोष होते आणि शाखांच्या हिशेबात खोट्या तुटी दिसू लागल्या. शाखा चालवणारी साधी माणसे सांगत राहिली, की पैसे आम्ही घेतले नाहीत. यंत्राची नोंद सांगत होती, की तूट आहे. १९९९ ते २०१५ ह्या काळात पोस्टाने सातशेहून अधिक लोकांवर खटले भरले. कित्येकांची घरे गेली, अब्रू गेली, काही जण कैदेत गेले, काहींनी आत्मघात केला. २०१९ च्या डिसेंबरात तेथील उच्च न्यायालयाने ही पद्धती विश्वासार्ह नव्हती असा निर्णय दिला. खटल्यात उघड झाले, की दूर बसलेले तंत्रज्ञ शाखेच्या हिशेबात व्यवहार घालू शकत होते आणि तो व्यवहार शाखाचालकानेच केल्यासारखा दिसू शके. २०२४ साली संसदेला खास कायदा करून शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या. ज्यांचे आयुष्य वीस वर्षे गढूळ झाले, त्यांना कायद्याने काय परत मिळणार?

म्हणून माझ्या वाकनीसात नोंद करणारा कोण, माणूस की यंत्र, खिडकीवरचा की आतला, ह्याचा रकाना मोकळा ठेवता येत नाही. तो भरला नाही तर कंपायलर प्रोग्रॅम पुढे जाऊ देत नाही. मी स्वतः दुरुस्तीसाठी आत शिरलो तर माझे नाव माझ्याच नावाने पडते. ते बदलण्याची सोय मी मलाही ठेवलेली नाही.

ह्याच्या उलट बाजूला एक गोष्ट मुद्दाम न लिहिण्याची आहे. कोणता सभासद कोणते पुस्तक वाचतो, हे देवघेवीच्या खात्याला कळणे भाग आहे. पुस्तक परत आले, की तेथूनही ते पुसले जाते. पण वाकनीसाच्या वहीत कधीच काही पुसले जात नाही, आणि ती यंत्र सांभाळणाऱ्या कोणाच्याही हाती पडू शकते. म्हणून सभासदाच्या नावासाठी मी एक वेगळी जात केली आहे. तिचे मूल्य नोंदीत लिहू गेले, तर नावाऐवजी केवळ चार ताऱ्या उमटतात. लिहिणारा घाईत असो, झोपेत असो, चूक करण्याची मुभाच नाही. वाचनालयाच्या वृद्ध कार्यवाहांना हे दाखवले तेव्हा त्यांनी विचारले, "अहो, पण उद्या कोणी अधिकारी येऊन म्हणाला, की अमक्याने काय काय वाचले ते दाखवा, तर?" मी म्हटले, "वही खुशाल त्याच्यापुढे ठेवा. त्यात नाही ते कोण दाखवणार?" ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग ठीक आहे. आमच्याकडे माणसे मोकळेपणाने वाचायला येतात."

नोंद ठेवणे म्हणजे सगळे लिहिणे नव्हे आणि मर्जीस येईल तेवढे लिहिणेही नव्हे. काय लिहावयाचे हे शांत डोक्याने आधी ठरवावे. एकदा ठरले की वादळातही तेच लिहावे, अधिक बारकाईने लिहावे. साल लिहावे, जागा लिहावी, हात कोणाचा ते लिहावे. शेवटी मोर्तब करावे. कुलाब्याच्या त्या निरीक्षकांनी आपले आकडे कोण वाचणार, असा प्रश्न केला नाही. पेशवे दप्तरातील कारकुनाला माहीत नव्हते, की त्याच्या रुमालात बांधलेले कागद १९३० नंतर पंचेचाळीस खंडांत छापून येतील. इंग्लंडातील त्या पोस्टमास्तरांना मात्र खरी नोंद कोठे मिळते का, म्हणून वर्षानुवर्षे हिंडावे लागले. नोंद वाचणारा बहुधा अडचणीत सापडलेला आणि उशिरा आलेला माणूस असतो. तो कधी येईल ते सांगता येत नाही. पण तो येणार, असे धरून लिहावयाचे, हा ह्या कामाचा धर्म आहे.

वाचनालयाच्या यंत्रात तो छोटा वाकनीस आज मुकाट्याने लिहीत असतो. दिवाळीच्या सुट्टीत खिडक्या बंद असल्या तरी रात्री एकदा तो नेमाने एक ओळ लिहितो : सर्व ठीक. तिच्यापुढे साल असते.